शिकारी पक्षी पकडू द्यावेत का? आणि पकडलेला पक्षी विकू द्यावा का?

रानपिंगळा (धागाकर्ता)

ससाण्यांकरवी शिकार हा विषय इथल्या दोन-तीन धाग्यांवर अवांतर म्हणून निघाला आणि दर वेळी "पक्षी पकडणं म्हणजे क्रौर्य, विषय संपला" इथे येऊन थांबला. म्हणून वेगळा धागा काढतोय. पाळणं बरोबर की चूक यावर इथे भांडायचं नाही. प्रश्न त्याच्या आधीचा आहे: रानातला शिकारी पक्षी या छंदासाठी पकडायला कायद्यात वाट ठेवावी का, आणि ठेवायचीच तर किती अरुंद?

पकडला जाणारा पक्षी तीन वयांचा असू शकतो. घरट्यातून उचललेलं पिल्लू. पहिल्याच शरद ऋतूत स्थलांतर करताना सापडलेला, म्हणजे शिकार करायला स्वतः शिकलेला पण अजून वर्षाचा न झालेला. आणि तिसरा, विणीला आलेला प्रौढ. चर्चेत हे तिन्ही एकत्र कालवले जातात, आणि तिथेच गोंधळ होतो. प्रौढ मादी गेली की तिच्या पुढच्या सगळ्या विणी गेल्या. पहिल्या वर्षाच्या पक्ष्यांचं गणित वेगळं. ससाण्यांची निम्मी किंवा त्याहून जास्त पिल्लं पहिलं वर्ष पार करत नाहीत. उपासमार, वादळ, मोठं घुबड, विजेची तार, काहीही पुरतं. म्हणजे शरदात पकडलेल्या दोन पिल्लांपैकी एक पुढच्या वसंतात तसंही दिसलं नसतं. बाजदार (ससाण्यांकरवी शिकार करणारी) मंडळी हा मुद्दा फार खुशीत मांडतात आणि तो खराही आहे. फक्त तो प्रौढ पक्ष्याला लागू नाही, हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली येतो.

माझ्या माहितीत या फरकावर नियम उभे करणारा सगळ्यात तपशीलवार कायदा अमेरिकेचा आहे. तिथे वर्षाच्या आतलाच पक्षी पकडता येतो, अपवाद दोन-तीन सर्रास आढळणाऱ्या जातींचा. वर्षाला जास्तीत जास्त दोन. घरट्यातून पिल्लू घ्यायचं तर किमान एक मागे ठेवायचंच, आणि शिकाऊ माणसाला घरट्याला हात लावायची परवानगीच नाही. शिकाऊ म्हणजे कोण, तर ज्याने लेखी परीक्षेत ८० टक्के मिळवलेत, ज्याच्या पक्षीघराची तपासणी झाली आहे आणि ज्याला अनुभवी बाजदाराने आपल्या हाताखाली घेतलं आहे. निदान दोन वर्षं उमेदवारी, मग पुढची पायरी. उस्ताद व्हायला त्यानंतर आणखी पाच वर्षं. पक्षी पकडला की दहा दिवसांत नोंद करायची.

हे सगळं छान आहे, पण मला त्यातलं एकच कलम कळीचं वाटतं. रानातून पकडलेला पक्षी तिथे कधीही विकता येत नाही. दुसऱ्या परवानाधारकाला देता येतो, परत सोडता येतो, पण पैसे घेता येत नाहीत. दहा वर्षं सांभाळला तरी नाही. विकता येतो तो फक्त बंदिस्त पैदाशीतला, पायात कारखानी बंद कडी असलेला.

माझं म्हणणं असं की वय, संख्या, हंगाम हे बाकीचे नियम या एका कलमाच्या जिवावर चालतात. ते काढा, आणि उरलेले कागदावरच राहतील. उलट संपूर्ण बंदी घाला पण बाजार तसाच चालू ठेवा, तरी पक्षी जातच राहतील. जगात दोन्हींची उदाहरणं आहेत. मतं येऊ द्यात.

---

मुक्तछंदी

धागा चांगला आहे, मांडणीही. पण पहिल्याच पायरीवर अडले. रानातला पकडायचाच कशाला? पैदाशीतले ससाणे मिळतात ना? मग "वाट किती अरुंद" हा प्रश्नच येत नाही. वाट बंद करा.

आणि ते "निम्मी तशीही मरतात" वाचून अंगावर काटा आला. मरणारं पिल्लू घुबडाच्या पोटात जातं, कोल्ह्याच्या पोटात जातं. ते वाया जात नाही हो.

---

टिटवी

वाचतेय. मुक्तछंदीताईंशी बऱ्यापैकी सहमत.

---

विदा_द्या

भावना बाजूला ठेवून आकडे बघू.

बहिरी ससाण्याचं उदाहरण घ्या, कारण यात सगळे टप्पे येतात. डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ झाली, आई उबवायला बसली की अंडी फुटायची. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या पूर्व भागातून विणीचा बहिरी संपला. १९७० मध्ये तो संकटग्रस्त यादीत गेला, १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली. त्याच सुमारास कॉर्नेल विद्यापीठात टॉम केड यांनी बंदिस्त पैदाशीचं काम उभं केलं आणि १९७० मध्ये पेरेग्रिन फंड स्थापन झाला. केड स्वतः बाजदार. सुरुवातीची पैदाशीची जोडपी, त्यांना हाताळायचं कसब, पिल्लांना उंच खोक्यात ठेवून लपून खाऊ घालत हळूहळू रानात सोडायची पद्धत, हे सगळं बाजदारांकडून आलं. एकट्या पेरेग्रिन फंडाने ४,००० हून अधिक बहिरी सोडले. ऑगस्ट १९९९ मध्ये पक्षी यादीतून बाहेर आला.

त्यानंतरची घाई न करण्याची पद्धत बघा. २००४ मध्ये पश्चिमेकडच्या राज्यांत घरट्यातली मोजकी पिल्लं घ्यायला परवानगी. २००८ पासून स्थलांतरी पिल्लं पकडायला परवानगी, पण वर्षाला फक्त ३६, तीही साऱ्या देशात मिळून. २०१७ मध्ये ती मर्यादा १४४ केली. मर्यादेमागचं सूत्र असं: दर वर्षी जन्माला येणाऱ्या पिल्लांच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त उचल करायची नाही, आणि ज्या जातीची माहिती तुटपुंजी आहे तिथे त्याहूनही खाली राहायचं.

थोडक्यात, नियमन करता येतं. करून दाखवलंय.

---

टिटवी

१४४ ही संख्या मोजतं कोण पण? एवढ्या मोठ्या देशात १४५ वा पकडला तर कळणार कसं?

---

रानपिंगळा

टिटवी, चांगला प्रश्न. राज्यं हा कोटा आपसात वाटून घेतात आणि मागणी जास्त असेल तिथे सोडत काढतात. चिठ्ठी निघाली तरच सापळा लावायचा. बहिरी, जिरफाल्कन (आर्क्टिकमधला मोठा ससाणा), बाज या जातींच्या पक्ष्याला पकडल्यावर क्रमांकाची पट्टी लावणं सक्तीचं आहे. त्याहून मजेदार आहे ते तारखांचं. सुरुवातीच्या नियमात स्थलांतरी बहिरी पकडायची मुभा २० सप्टेंबर ते २० ऑक्टोबर एवढीच होती, आणि तीही १०० अंश पश्चिम रेखांशाच्या पूर्वेला. कारण या महिन्यात किनाऱ्यावरून जाणारे बहुतेक पक्षी ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडाच्या टुंड्रातले असतात, ज्यांची संख्या भरपूर आहे. पूर्वेकडे नुकतेच सावरलेले स्थानिक पक्षी कमीत कमी सापडावेत म्हणून खिडकी तेवढीच उघडली.

असे नियम लिहायला आधी पक्षी कुठून येतो, कधी येतो हे माहीत असावं लागतं. पक्ष्यांच्या पायात कड्या घालून माग काढण्याचा शंभर वर्षांचा अभ्यास मागे असेल तर हे जमतं.

---

विदा_द्या

आणि वय ओळखणं सोपं आहे, हेही लिहा. पहिल्या वर्षाचा बहिरी वरून तपकिरी, छातीवर उभ्या रेघा. प्रौढाची पाठ निळसर करडी, पोटावर आडवे पट्टे. दुर्बीण न लावताही फरक कळतो. नियम असा हवा की तपासणाऱ्याला उभ्या उभ्या पाळला की मोडला ते दिसावं. "प्रकृतीने सुदृढ असलेलेच पक्षी पकडावेत" वगैरे लिहिलं की संपलं, प्रत्येकाची सुदृढता वेगळी.

---

जुना_जकातदार

धागाकर्त्यांच्या मुद्द्याला दुसऱ्या टोकाने हात घालतो. मुक्तछंदीताई म्हणतात पैदाशीतले घ्या, रानाची वाट बंद करा. ऐकायला निर्मळ वाटतं. पण सीमेवरून पाहिलं तर चोराला लपायला सगळ्यात सोयीची जागा हीच आहे.

वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटिस करारात जवळपास सगळे शिकारी पक्षी आहेत. बहिरी, जिरफाल्कन, आपला लग्गड हे पहिल्या परिशिष्टात, म्हणजे रानातल्या पक्ष्याचा व्यापार बंद. पण तोच पक्षी बंदिस्त पैदाशीचा असेल तर नोंदणीकृत पैदास केंद्राच्या कागदावर विकता येतो. म्हणजे एकाच जातीचा, एकाच रंगाचा, एकाच वजनाचा पक्षी, आणि फरक फक्त कागदात. मग रानातून पिल्लू वेळेवर उचलायचं, पाय पुरेसा लहान असतानाच कडी सरकवायची, आणि आपल्या पिंजऱ्यातल्या जोडीला झालं म्हणून नोंद करायची. पाय वाढला की कडी निघत नाही. झाला तो पैदाशीतला.

ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने रानातून पकडणं जवळजवळ बंद झालं आणि पैदासकारांची संख्या वाढली. त्यातले बहुतेक प्रामाणिक. पण १९९० च्या दशकात डीएनए चाचण्या कोर्टात येऊ लागल्यावर काहींच्या पिंजऱ्यातल्या "पिल्लांचा" तिथल्या "आईबापांशी" काही संबंध नाही हे निघालं. अगदी अलीकडे, २०२१ पासून, दक्षिण स्कॉटलंडमधल्या डोंगरकड्यांवरची बहिरी पिल्लं गायब होऊ लागली. तपासात डीएनएने ती थेट रानातल्या घरट्यांशी जोडली गेली. पैदाशीतली म्हणून ती आखातात विकायला चालली होती. २०२४ मध्ये शिक्षा झाल्या.

म्हणून माझं ठाम मत: "पैदाशीचेच चालतील" असा नियम करणाऱ्या देशाने आईबाप आणि पिल्लू तिघांचा डीएनए नमुना सक्तीचा करावा. नुसती कडी म्हणजे देवळाबाहेर काढलेल्या चपलांवरची राखण, ज्याला न्यायच्या तो नेतोच.

आणि तस्करीत आणखी एक गोष्ट विसरली जाते. २००४ मध्ये ब्रुसेल्सच्या विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात नळकांड्यांत कोंबलेले दोन जिवंत शिखी गरुड सापडले. दोघांनाही एच५एन१ बर्ड फ्लू निघाला. विलगीकरण, आरोग्य दाखला हे सोपस्कार चोरट्या वाटेने येणाऱ्या पक्ष्याला नसतात.

---

मुक्तछंदी

जकातदार काका, तुम्ही तर माझंच म्हणणं पक्कं केलंत. रानातला पकडू दिला तर गैरवापर, पैदाशीचा विकू दिला तरी गैरवापर. मग छंदच कशाला जगवायचा?

---

खवचट_चिमणा

कारण युनेस्कोने त्याला वारसा केलंय ना ताई! २०१० मध्ये ११ देशांनी मिळून अमूर्त वारशाच्या यादीत घातला, आता २४ देश आहेत. वारसा म्हटल्यावर प्रश्न विचारायचे नसतात. ह. घ्या.

---

अनवट

चिमणराव, हलकेच घेतलं, पण हा गैरसमज खूप जणांचा असतो म्हणून लिहिते. त्या यादीमुळे कुणाला पक्षी पकडायचा अधिकार मिळत नाही. यादीत गेलं ते कौशल्य आणि परंपरा. पक्षी कुठून आणायचा ते प्रत्येक देशाचा कायदा आणि साइटिसच ठरवतात. आणि २४ देशांचे कायदे एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत.

परंपरेचंच बोलायचं तर अरबी वाळवंटातली जुनी रीत लक्षात घेण्यासारखी आहे. शरदात स्थलांतरी ससाणा पकडायचा, दोन-तीन आठवड्यांत तयार करायचा, हिवाळाभर त्याच्याकडून शिकार करून घ्यायची आणि उन्हाळा लागायच्या आत सोडून द्यायचा. उन्हाळ्यात तंबूत ससाणा जगवणंच अवघड होतं, त्यामुळे ही काही फक्त भूतदया नव्हती. पण परिणाम असा की रानाकडून पक्षी उसना घेतला जायचा. वातानुकूलित खोल्या आल्या, पक्षी वर्षानुवर्षं ठेवता येऊ लागला, मोटारी आल्या, शिकारीचा आवाका वाढला, पैसा आला. रीत तीच म्हणवली तरी तिचा रानावरचा भार बदलला.

---

स्तेपवासी

अनवट यांच्या शेवटच्या वाक्यापासून पुढे लिहितो, कारण सेकर ससाण्याची (उर्दूत चरग) गोष्ट तिथूनच सुरू होते. थोडं लांबेल.

सेकर हा मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातला (स्तेपमधला) पक्षी, आखातात पिढ्यानपिढ्या सगळ्यात लाडका. मोठी मादी हवी असते, कारण हुबारा हा माळढोकाच्या कुळातला पक्षी, त्याला पाडायचं तर अंगात ताकद हवी. सोव्हिएत संघ मोडल्यावर १९९० च्या दशकात कझाकस्तानात पहारा ढिला झाला, पोटाला काम उरलं नाही, आणि परदेशी खरेदीदार गावागावांत पोचले. तिथली सेकरची संख्या ढासळली. घरट्यातली पिल्लं गेली, उडते पक्षी गेले. २०१२ पासून ही जात जागतिक पातळीवर संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे.

मंगोलियाने वेगळा रस्ता धरला. तिथे सरकार दर वर्षी परवाने देऊन काहीशे सेकर अधिकृतपणे आखातात पाठवत असे. टीका व्हायला लागल्यावर एक कल्पक तोडगा निघाला. ससाणे स्वतः घरटं बांधत नाहीत. कावळ्यांची, बाजांची जुनी घरटी किंवा कपारी वापरतात. सपाट स्तेपमध्ये ना झाड ना कडा. उंदरांसारखं खाद्य मुबलक पण अंडी घालायला जागा नाही. म्हणून अबुधाबीच्या पर्यावरण संस्थेच्या पैशातून खांबांवर ५,००० कृत्रिम घरटी उभारली गेली. पिंपासारखं भांडं, वर झाकण, बाजूला भोक. सेकर आले, राहिले, पिल्लं काढली. कल्पना अशी की जी वाढीव पिल्लं होतील त्यातून मोजकी उचल, आणि त्या पैशातून घरट्यांची देखभाल.

मला हा प्रयोग फार आवडतो, कारण इथे पकडणाऱ्याला पक्षी रानात टिकण्याची गरज वाटू लागते. पण तो पुरता आजमावलाच गेला नाही. २०१२ मध्ये मंगोलियाने सेकरला राष्ट्रीय पक्षी जाहीर केलं आणि २०१३ पासून पाच वर्षं निर्यात थांबवली. लोकांना ते पटलं. राष्ट्रीय पक्षी खोक्यात भरून परदेशी पाठवायचा हे कुठल्याच देशाला शोभलं नसतं.

आता या गोष्टीतला खरा कडू भाग. त्याच मंगोलियात विजेचे खांब दर वर्षी हजारो शिकारी पक्षी मारतात, त्यात सेकर मोठ्या संख्येने. काँक्रीटचे खांब, लोखंडी आडवे दांडे, वर उभे केलेले इन्सुलेटर. झाड नसलेल्या प्रदेशात बसायला जागा तेवढीच. पक्षी दांड्यावर बसतो, पंख तारेला लागतो, संपला. कोट्यावरून आंतरराष्ट्रीय बैठका होत होत्या तेव्हा खांबाखाली त्याहून किती तरी जास्त पक्षी पडलेले असत. उपाय माहीत आहे, इन्सुलेटरवर प्लास्टिकचं आवरण बसवायचं. पकडणारा माणूस दिसतो म्हणून त्याच्यावर कायदा होतो. खांब कुणाचाच गुन्हेगार नसतो.

---

मुक्तछंदी

स्तेपवासी, खांबांचं वाचून सुन्न झाले. तरी एक सांगा, खांब मारतात म्हणून पकडणं क्षम्य कसं होतं? दोन्ही थांबवावं.

---

स्तेपवासी

क्षम्य होत नाही. माझा मुद्दा क्रमाचा आहे. एका वनखात्याकडे माणसं मोजकी, पैसा मोजका. तो चार परवानाधारकांची पक्षीघरं तपासण्यात घालवायचा की तारांवर, हा निर्णय कुणाला तरी घ्यावा लागतो. आणि सेकरच्या बाबतीत पकडण्याचा परिणामही मी हलका मानत नाही. तरुण माद्याच निवडून नेल्या तर नर शिल्लक राहतात आणि जोड्या जमत नाहीत. "एकूण संख्येच्या अमुक टक्के" हा कोटा अशा वेळी फसवा असतो. कोटा लिंगनिहाय हवा. विदा_द्या यांचं ५ टक्क्यांचं सूत्र अमेरिकेत चालतं कारण तिथे कुणी फक्त माद्यांच्या मागे लागलेलं नाही.

---

विदा_द्या

मान्य. ते सूत्र लिंगनिहाय उचलीसाठी नव्हतंच. सेकरला जसंच्या तसं लावू नये.

---

कलमकसाई

कायद्याच्या अंगाने थोडं. भारतात काय, असं कुणी विचारायच्या आत लिहून टाकतो: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात "शिकार" या व्याख्येतच पकडणं, फास लावणं, सापळा लावणं येतं. त्यामुळे ससाणा जिवंत पकडला आणि एक पीसही मोडलं नाही तरी ती शिकारच. परिशिष्ट एकमधल्या जातींसाठी तीन ते सात वर्षं कैद. शिक्षण, संशोधन वगैरेसाठी परवानगीची तरतूद आहे, छंदासाठी नाही. तेव्हा इथे प्रश्न तात्त्विक आहे.

माझा आक्षेप धागाकर्त्यांच्या मुख्य मुद्द्यावर आहे. "विकायला बंदी पुरे" म्हणता, पण विक्री सिद्ध कशी करणार? दोघांनी भेट दिली म्हटलं की झालं. रोख व्यवहाराची पावती नसते. पकडणं ही कृती आहे, तिला जागा असते, सापळा असतो, साक्षीदार असतो. फौजदारी कायद्याला कृती हवी, हेतू आणि व्यवहार यांच्या मागे लागून खटले हरतात.

---

रानपिंगळा

कलमकसाई, "पुरे" असं मी म्हटलेलं नाही, शीर्षकात तर प्रश्नचिन्हच आहे :) पण आक्षेप वजनदार आहे, उत्तर देतो.

विक्री सिद्ध करणं अवघड आहे हे खरं. अमेरिकेत १९८४ मध्ये मोठी छुपी कारवाई झाली, ऑपरेशन फाल्कन नावाची. सरकारने आतला माणूस पेरून जिरफाल्कन विकायला लावले आणि खरेदी करणाऱ्यांना धरलं. त्यावर अजून वाद आहे: सरकारनेच गुन्हा घडवून आणला असं बाजदार म्हणतात, जाळं खरंच पसरलं होतं असं खातं म्हणतं. म्हणजे विक्रीच्या मागे लागणं किती गलिच्छ होऊ शकतं ते मला माहीत आहे.

पण मी विक्रीबंदीकडे शिक्षेचं कलम म्हणून बघत नाही. तिचा उपयोग कोण या छंदात येतो ते ठरवण्यात आहे. पक्ष्यातून पैसा मिळणार नाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असेल, वर परीक्षा, दोन वर्षांची उमेदवारी आणि पक्षीघराची तपासणी असेल, तर व्यापारी माणूस तिकडे फिरकतच नाही. येतो तो रोज पहाटे उठून वजनकाट्यावर पक्षी ठेवणारा. आता उलट बघा: २०२० मध्ये कराचीत कस्टमने एकाच कारवाईत सत्तरहून अधिक ससाणे पकडले. पाकिस्तानातही पकडणं बेकायदाच आहे. किनाऱ्यावर फासे लावणाऱ्या माणसाला एक पक्षी विकून वर्षाच्या मजुरीहून जास्त मिळत असेल, तर पकडण्याच्या कलमाने तो थांबत नाही. त्याला धरलं तरी उद्या त्याच जागी दुसरा येतो. गिऱ्हाईक मात्र तेच असतं, आणि ते दुसऱ्या देशात असतं.

---

कलमकसाई

इथे सहमत. गिऱ्हाईकाच्या देशातला कायदा महत्त्वाचा.

---

जुना_जकातदार

आणि गिऱ्हाईकाच्या देशावर दाब आणता येतो. २००१-०२ मध्ये साइटिसने संयुक्त अरब अमिरातीशी होणारा नोंदीतल्या जातींचा व्यापार स्थगित करायची शिफारस केली होती. ससाण्यांची बेकायदा आयात हे मोठं कारण. मग २००२ मध्ये तिथे नवा कायदा आला आणि प्रत्येक ससाण्याला पासपोर्ट. कडीचा क्रमांक, जात, उगम, मालक. सीमा ओलांडताना पक्ष्याचा पासपोर्ट दाखवावा लागतो. लोक हसतात, पण त्या एका कागदाने रानातल्या पक्ष्याला सरळ वाटेने आत येणं कठीण केलं आणि मागणी पैदाशीतल्या पक्ष्यांकडे वळली. आज तिकडे आयात होणारे बहुसंख्य ससाणे युरोपातल्या पैदास केंद्रांतून येतात.

म्हणजे चोरवाट बंद झाली असं नाही. स्कॉटलंडचं वर लिहिलंच आहे. कामचटकातून जिरफाल्कन जातात ते थांबलेलं नाही.

---

टिटवी

एक बाळबोध शंका. पैदाशीतले एवढे असतील तर ते उडून जात नाहीत का? गेले तर रानाला फायदाच ना?

---

अनवट

टिटवी, शंका अजिबात बाळबोध नाही. जातात, नेहमी जातात. वाऱ्याला लागलेला ससाणा तासाभरात कुठल्या कुठे पोचतो. पण पैदास केंद्रं मोठ्या प्रमाणावर संकर करतात: जिरफाल्कन आणि सेकर, जिरफाल्कन आणि बहिरी. आकार जिरचा, चिवटपणा सेकरचा. हे संकर अनेकदा प्रजननक्षम असतात. असा पक्षी सेकरच्या प्रदेशात सुटला आणि जोडी जमली तर आधीच घटलेल्या जातीत दुसऱ्याचं रक्त मिसळतं. रानातला पक्षी सुटला तर तो घरी परतलेला असतो, त्याला शिकार येते, रोगांची ओळख असते.

म्हणून "पैदाशीचेच, रानातले नाहीत" हा नियम रानाला नेहमी हिताचाच असतो असं नाही. पकडणं शून्य होतं, पण दुसरीच भानगड उभी राहते.

शेख झायेद यांच्या नावाने अबुधाबीत १९९५ पासून ससाणे सोडायचा कार्यक्रम आहे. रानातले म्हणून ओळखलेले सेकर आणि बहिरी, हंगाम संपल्यावर रुग्णालयात तपासून, काही दिवस मोकळ्या मोठ्या पिंजऱ्यात पंख बळकट करून मध्य आशियात सोडतात. २,००० हून अधिक सोडलेत. काहींच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर असतात. संकर मात्र त्यात घेत नाहीत.

---

मुक्तछंदी

हे संकराचं माहीत नव्हतं. बरं, मग माझी अट सांगते. पकडायचं असेल तर: पैसा नाही, प्रौढ नाही, संकटग्रस्त जात नाही, आणि दोन हिवाळ्यांनंतर पक्षी परत सोडलाच पाहिजे. उसना घेतला ना, मग परत करा. ही शेवटची अट अमेरिकेत आहे का?

---

रानपिंगळा

सक्तीची नाही. पुष्कळ जण स्वतःहून सोडतात, विशेषतः रेड-टेल्ड हॉक. एक-दोन हंगाम उडवतात आणि वजन वाढवून वसंतात सोडतात. पण जन्मभर ठेवायलाही मुभा आहे. मला तुमची अट तत्त्वतः आवडली. अडचण घरट्यातून घेतलेल्या पिल्लाची. ते माणसाला आईबाप समजायला लागलं असेल तर रानात सोडणं धोक्याचं, ते माणसांकडे ओरडत येतं. त्यापेक्षा घरट्यातून घेणंच बंद करावं आणि फक्त शरदातला उडता पक्षी घेऊ द्यावा. बाल-छत्रीत (आत आमिष ठेवून वर फासे लावलेल्या जाळीच्या सापळ्यात) सापडलेला केस्ट्रल, म्हणजे छोटा ससाणा, नको असेल तर दोन मिनिटांत फास सोडवून उडवता येतो. घरटं एकदा चाळवलं की ते परत पहिल्यासारखं होत नाही.

---

विदा_द्या

घरट्यातून घेण्यावर सरसकट बंदीला विरोध. कड्यावरच्या घरट्यात चार पिल्लं असतील आणि खाद्याचं वर्ष वाईट असेल, तर एक कमी झाल्याने उरलेली तीन जगण्याची शक्यता वाढते.

इंग्लंडात २०२० मध्ये काही जणांना पैदाशीसाठी मोजकी बहिरी पिल्लं घ्यायचे परवाने दिले गेले तेव्हा हाच वाद झाला. आकड्यांनी धोका शून्याजवळ होता, पण लोकांना पटलं नाही आणि पुढे फेरविचार होऊन असे परवाने देणं थांबलं. पैदाशीतले हजारो पक्षी उपलब्ध असताना रानातले कशाला, हे मुक्तछंदीताईंचंच कारण तिथेही पुढे आलं.

---

मुक्तछंदी

बघा! :)

---

खवचट_चिमणा

पण मग इंग्लंडात उडून जाणारे संकर? अनवटताईंचा मुद्दा तिथे लागू की नाही?

---

अनवट

लागू आहेच. तिथे बहिरीची संख्या मजबूत आहे म्हणून ताण दिसत नाही इतकंच.

---

विदा_द्या

सुटलेल्या पक्ष्यांबद्दल एक तपशील राहिला. अमेरिकेच्या नियमात संकर ससाणा मोकळा उडवायचा असेल तर त्याच्या अंगावर किमान दोन चालू ट्रान्समीटर असावे लागतात. रानातून पकडलेल्याला ही सक्ती नाही. पैदाशीवर भर देणाऱ्या देशांनी निदान एवढं तरी उचलावं.